आमच्या शिडीवरून कोणी पडत नाही

शिड्यांच्या कारखान्यात माणूस शिडीवरून पडला, हे ऐकायला गमतीचं वाटतं. पडणाऱ्याला वाटत नाही. तिथले जुने सुतार म्हणजे काका; त्यांना तर त्याची इतकी लाज वाटली, की खुब्याचं हाड मोडून ते दवाखान्यातल्या बाकावर आडवे झाले होते, घामाने सदरा चिंब झाला होता, तरी डॉक्टरने "कुठून पडलात?" असं विचारल्यावर त्यांनी दात आवळून उत्तर दिलं, "घरी. पलंगावरून." डॉक्टरने तसं लिहून घेतलं. डॉक्टरचं काय, आपण सांगू ते तो लिहितो.

त्यांना घेऊन आलेला लंबू शेजारी मूग गिळून उभा होता. लंबू हा कारखान्यातला दुसरा सुतार. उंचीने सगळ्यांत बुटका, म्हणून लंबू. काकांनी त्याला वाटेतच शपथ घातली होती.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. एका टोकाला लाकडाचा ढीग, मधे करवतीचं टेबल, दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून उभ्या केलेल्या तयार शिड्या. रंगाऱ्यांच्या, वायरमनच्या, फळबागवाल्यांच्या, उंच फडताळं असलेल्या दुकानदारांच्या. बाजारात ॲल्युमिनियमच्या शिड्या आल्या, स्वस्तही झाल्या, तरी हा कारखाना तगून राहिला तो एका माणसाच्या एका शब्दावर. तयार झालेली प्रत्येक शिडी बाहेर जाण्याआधी काका तिच्यावर चढत. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून उभे राहत, वर पोचले की अंगाला एक झोका देत, मग सावकाश उतरून म्हणत, "पास." तो शब्द तोंडातून निघाल्याशिवाय शिडी दाराबाहेर पडत नसे, मग गिऱ्हाईक दारात टेम्पो लावून शिव्या घालत असलं तरी. आणि जी नापास, तिचे त्याच दिवशी तुकडे व्हायचे आणि सरस तापवायच्या शेगडीत जायचे. डागडुजी करून गळ्यात मारायची नाही, असा शिरस्ता. "आमच्या शिडीवरून कोणी पडत नाही," असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, आणि ते खरंही होतं. त्या दिवसापर्यंत.

कारखाना ताईच्या वडिलांचा. ते गेले तेव्हा विकून मोकळी हो, असं तिला दहा जणांनी सांगितलं. तिने अकराव्याचं ऐकलं, आणि तो अकरावा म्हणजे काका. तिला सगळे ताई म्हणत, एकटे काका चिमणी म्हणत, कारण त्यांनी तिला भुशात रांगताना पाहिलं होतं. मालकीण झाली म्हणून चिमणीची काही घार होत नाही, असं त्यांचं म्हणणं. बिलं फाडत बसण्याचा ताईला मनस्वी कंटाळा. दुपार झाली की बाह्या सरसावून ती रंधा धरायची. काका शिकवत, ओरडत, पुन्हा शिकवत. बोटांची सालटी निघाल्यावर एकदाची तिने पहिली अख्खी शिडी एकटीने केली.

शिडी तयार झाली आणि नेमकं ताईला लाकूड आणायला बाहेर जावं लागलं. संध्याकाळी परत आली तर काका नव्हते आणि शिडीही नव्हती.

"काका घरी गेले," लंबू म्हणाला. "बरं वाटत नव्हतं त्यांना."

"आणि माझी शिडी?"

लंबू खाली वाकून भुशात काहीतरी शोधायला लागला. "गेली. गिऱ्हाईक आलं होतं."

"काकांनी पास केली?"

"केली ना."

ताईला स्वर्ग दोन बोटं उरला. काका पलंगावरून पडल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा ती धावतपळत दवाखान्यात गेली. उशाशी बसून तिने त्यांना पाणी पाजलं. पण माणसाचं मन मोठं चमत्कारिक असतं. तशा परिस्थितीतही तिच्याच्याने राहवलं नाही आणि निघता निघता तिने विचारलंच, "काका, शिडी खरंच पास झाली?"

काका छताकडे बघत होते. "पास," ते म्हणाले.

पुढचे दिवस वाईट गेले. हाड कसंबसं जोडलं होतं, पण खुबाच बदलावा लागेल आणि मग बरेच महिने व्यायाम, असं डॉक्टरांनी सांगितलं. नाही बदलला तर जन्मभर काठी. काकांनी घरी जाहीर करून टाकलं, "काठी तर काठी. लाकडाचीच ना? ओळखीची आहे." काकू पडदे शिवायची कामं घेऊ लागल्या. ताईने पगार पाठवला, तो लंबूच्या हाती परत आला, सोबत निरोप: बसल्या जागी खायला मी काय राजा आहे? कारखान्यात शिड्या साचल्या, कारण पास म्हणणारं कोणी नव्हतं. लंबू चढायला तयार होता, पण गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून म्हणायचं, ह्याच्या वजनाने तर झाडाची फांदीसुद्धा मोडणार नाही.

शेवटी ताईच्या डोक्यात एक कल्पना आली. काकांना पैसे नको असतील, पण लाकडाला ते नाही म्हणणार नाहीत. पुन्हा पडू नयेत म्हणून त्यांच्या पलंगाला छानसा कठडा करून द्यायचा. मोजायची टेप खिशात घालून ती एका दुपारी त्यांच्या घरी गेली.

काकूंनी दार उघडलं. दोन खोल्या, एका कोपऱ्यात शिवणयंत्र आणि पडद्यांच्या कापडाचा डोंगर. काका जमिनीवर गादी टाकून पडले होते. ताईने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आतल्या खोलीतही डोकावून आली. तिथे भिंतीशी गुंडाळून ठेवलेली दुसरी गादी होती.

"काकू, पलंग कुठाय?"

"कसला पलंग?"

"काका पडले तो. कठडा करायचाय त्याला."

काकूंनी शिवणयंत्र थांबवलं आणि नवऱ्याकडे वळून बघितलं. "लग्न झाल्यापासून आम्ही जमिनीवर झोपतो. पलंगाला कायम नाही म्हणत आले हे. म्हणे, दिवसभर उंचावर असतो, रात्री तरी जमिनीवर असू दे. अहो, खोटंच बोलायचं होतं तर आधी घरात बघून तरी बोलायचं!"

काकांनी डोळे मिटून घेतले. जणू डोळे मिटले की पलंग येणार होता.

ताई त्यांच्या उशाशी जमिनीवर बसली. टेप हातात तशीच. "कुठून पडलात काका?"

काकांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"शिडीवरून?"

काकांनी मान हलवली, अगदी जरा.

"कोणाच्या?" हा प्रश्न तोंडातून निघाला आणि त्याचं उत्तर तिला त्याच क्षणी समजलं. शिडी गेली होती, गिऱ्हाईक आलं होतं, आणि लंबू भुशात काहीतरी शोधत होता. "माझ्या."

"तिसरी पायरी फिरली," काका म्हणाले. "लाकूड ओलं होतं पोरी. वाळलं की आकसतं. मी बघायला हवं होतं, तू चिकटवताना मीच तिथे नव्हतो. माझीच चूक आहे, तुझी नाही."

"आणि शिडी?"

"जाळायला सांगितली. नियम तो नियम."

ताई रडेल असं काकूंना वाटलं. ती रडली नाही, भडकली. लहानपणापासून त्या माणसावर आवाज चढवायची तिची छाती झाली नव्हती, ती आज झाली.

"तुम्ही पास म्हणालात! मी दवाखान्यात येऊन विचारलं, तर माझ्याशी बोलताना पास म्हणालात! मी जगाला सांगत सुटले, माझी पहिलीच शिडी पास झाली. काका, आपल्याकडे विकायला आहे काय दुसरं? तुमचा तो शब्दच ना? आता गिऱ्हाइकाने विचारलं, काकांची पास आहे का, तर मी काय सांगू? कधी खरी असते, कधी खोटी?"

"तुझं नाव खराब झालं असतं. कारखान्याचं झालं असतं. शिडीवाला आपल्याच शिडीवरून पडला, लोक तोंडात शेण घालतील."

"घालू द्या! विम्याचा हप्ता मी वेळच्या वेळी भरते तो कशासाठी? कामावर माणसाला लागलं तर त्याचा इलाज व्हावा, घर चालावं, म्हणूनच ना? पण तुम्ही घरी पडलात म्हटल्यावर तुम्हाला काय मिळणार? पलंगाची भरपाई?"

"म्हणजे तुझ्यावर फिर्याद करू?" काकांचाही आवाज आता चढला. "ज्या घरचं मीठ खाल्लं, त्या घरावर दावा लावू? तुझा बाप वरून बघत असेल."

"बघू दे की. त्यालाही कळू दे तुम्ही खोटं पास म्हणालात ते."

हे फारच लागलं असावं. काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. काकूंनी ताईला चहा विचारला नाही, ताईही चहासाठी थांबली नाही. रस्त्यावर आल्यावर मात्र तिला रडू कोसळलं. आपणच त्यांच्या पायाखाली सैल पायरी ठेवली आणि वर त्यांनाच बोलून आलो, ह्याचं तिला फार वाईट वाटत होतं.

घरी तिने दिराला सगळं सांगितलं. दीर तिच्या कारखान्याचे हिशेब बघायचा. माणूस हुशार, जरा जास्तच.

"वहिनी, तुम्ही काही करू नका," तो म्हणाला. "माणूस स्वतःच म्हणतोय घरी पडलो. तुम्ही कशाला हाताने पायावर धोंडा पाडून घेता? दावा केला की हप्ता वाढेल, तपासणी येईल, ओलं लाकूड का वापरलं विचारतील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि उघडली तर?"

"उघडायची कशाला?"

"कारण त्या मुठीत काकांचा पाय आहे, भावोजी."

दिराने हिशेबाची वही मिटली. तो फक्त एवढंच म्हणाला, की मग निदान मला पत्र तरी नीट लिहू द्या, तुम्ही शिडीसारखंच लिहाल.

पत्र गेलं. विमा कंपनीचं उत्तर चटकन आलं, कारण नाही म्हणायला वेळ लागत नाही. दवाखान्याच्या कागदावर पलंग लिहिलेला. अपघात कळवायला उशीर. शिडी दाखवा म्हटलं तर शिडीची राख. साक्षीदार एक, तोही मालकिणीच्या पगारावरचा. मग कामगारांच्या भरपाईचे तंटे ऐकणाऱ्या कार्यालयात सुनावणी लागली. ताईने काकांना निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. सुनावणीच्या दिवशी ती लंबूला घेऊन त्या कार्यालयाच्या बाकावर बसली आणि जिन्याच्या तोंडाकडे बघत राहिली. काका आले नाहीत तर विषय संपला. खुबा तसाच राहणार, काठी येणार, आणि हे सगळं आपल्या एका पायरीमुळे, हे तिला दिसत होतं.

नावं पुकारायला सुरुवात झाली आणि लिफ्टचं दार उघडलं. चाकाच्या खुर्चीत काका, मागे ढकलणाऱ्या काकू. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी ताईकडे बघितलं नाही. लंबूला मात्र म्हणाले, "सुटलास तू शपथेतून. विचारतील ते खरं सांग."

अधिकारी बाईंना सर्दी झाली होती. समोर रुमाल आणि फायलींचा ढीग. विमा कंपनीचे वकील तरुण आणि चकचकीत होते.

"कुठून पडलात?" बाईंनी विचारलं.

काकांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. ताईला वाटलं, एवढं तर त्यांनी उंच शिडीच्या टोकावरही कधी काही धरलं नसेल.

"शिडीवरून," काका म्हणाले. मग खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आमच्या शिडीवरून. आमच्याच शेडमध्ये. काम करताना. दवाखान्यात मी खोटं सांगितलं. घरी पलंग नाही आमच्या."

"मग ती शिडी कुठे आहे?" वकिलांनी विचारलं.

"जाळली."

"म्हणजे पुरावा जाळलात."

"पुरावा नव्हता तो, शिडी होती. नापास शिडी आम्ही ठेवत नाही. ठेवली असती तर कोणीतरी चढलं असतं."

वकील हसले. "एवढा अनुभव तुम्हाला, आणि पायरी सैल आहे हे लक्षात आलं नाही? की घाई केलीत? चूक तुमचीच म्हणायची."

काका तोंड उघडणार, एवढ्यात ताई उठून उभी राहिली. कोणी तिला विचारलेलं नव्हतं. "शिडी मी केली होती. लाकूड ओलं होतं. त्यांची काही चूक नाही, माझी आहे."

"नाही, माझी," काका म्हणाले. "ती शिकत होती. मी बघायला पाहिजे होतं."

"काका, तुम्ही गप्प बसा."

"तूच बस. मालकीण झालीस म्हणून—"

"अहो, थांबा दोघं!" बाईंना शिंक आली, ती त्यांनी आवरली, आणि रुमाल खाली ठेवून त्या वकिलांकडे वळल्या. "आणि तुम्हीही. चूक कोणाची, हे मला इथे विचारायचंच नाही. माणसाला काम करताना लागलं का, एवढंच बघायचंय. त्याने धसमुसळेपणा केला की मालकिणीने, का कोणीच नाही, ह्याने त्याची भरपाई कमी होत नाही. ती त्याच्यासाठी आधीच भरून ठेवलेली आहे."

 काका बाईंकडे बघत राहिले.

"चूक विचारतच नाही?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नाही."

"म्हणजे हिच्यावर फिर्याद नाही ही?"

"नाही हो. तुमचा हक्क आहे हा. त्यांनी हप्ते भरलेत ते तुमच्यासाठीच."

काकांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "मग मी इतके दिवस पडून राहून वाचवत कोणाला होतो?"

 काकू तोंडाला पदर लावून हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग लंबूने सगळं सांगितलं, पायरी कशी फिरली, काका कसे पडले, आणि पडल्या पडल्या पहिलं वाक्य कसं बोलले: "चिमणीला सांगू नकोस." वकिलांनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले, पण त्यांच्या आवाजातली धार गेली होती. मालकीण आणि कामगार एकमेकांची चूक आपल्या अंगावर ओढतायत, असं प्रकरण त्यांना शिकवलेलं नसावं.

निकाल काकांच्या बाजूने लागला. खुब्याचा इलाज, घरी बसल्या काळाचा ठरलेला पगार, आणि बरे झाल्यावर बसून करता येईल असं काम. ताईलाही बाईंनी सोडलं नाही. शिडी तपासायला ह्यापुढे माणूस चढवायचा नाही, वजनं लटकवायची, अशी ताकीद दिली. ताईने ती मान खाली घालून ऐकून घेतली. हप्ता वाढला. दिराने तो बघून सुस्कारा सोडला आणि भरला.

काका परत आले तेव्हा स्वतःच्या पायांनी आले. चालणं हळू होतं, पण सरळ होतं. शेडमध्ये त्यांच्यासाठी गादीची खुर्ची मांडली होती आणि छताच्या कडीला वाळूची पोती टांगली होती. पोती बघून त्यांचा चेहरा पडला.

"ही तपासणार शिड्या?"

"कायदा आहे काका," ताई म्हणाली.

"पोत्याला काय कळतं? पोतं घाबरत नाही. जो घाबरत नाही त्याला पायरी काय सांगणार?"

ताईने त्यांच्यासाठी नवी शिडी करून ठेवली होती. लाकूड महिनोन्महिने वाळवलेलं, पायऱ्यांची टोकं घासून घासून बसवलेली. दारात एक रंगारी तीच न्यायला येऊन थांबला होता. लंबूने पोती लटकवली. शिडीने हूं की चूं केलं नाही. लंबूने टाळी वाजवली, रंगाऱ्याने पैसे काढायला खिशात हात घातला.

काका खुर्चीतून उठले. शिडीपाशी गेले, चढले नाहीत, फक्त पायऱ्यांवरून अंगठा वरून खाली फिरवत आणला. चौथ्या पायरीपाशी अंगठा थांबला. परत मागे गेला, परत आला.

"इथली पाचर उलटी ठोकलीस," ते म्हणाले. "आज धरेल. दोन वर्षांनी सुटेल."

"पण पोत्यांनी तर..." लंबू म्हणाला.

"पोत्यांना दोन वर्षांनंतरचं दिसतं का?" मग ते ताईकडे वळले. त्यांना ते बोलायला जड जात होतं, हे तिला दिसत होतं, तरी त्यांनी नजर चुकवली नाही. "नापास, पोरी."

रंगाऱ्याने हात खिशातून बाहेर काढला. ताईला वाटलं होतं, आपल्याला वाईट वाटेल. पण तिला इतका आनंद झाला, की तिथेच सगळ्यांसमोर तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. ती रंगाऱ्याकडे वळून म्हणाली, "दादा, पुढच्या आठवड्यात या. काका परत आलेत."

रंगाऱ्याने काकांकडे बघितलं, शिडीकडे बघितलं, आणि तो आणखी एक नवी शिडीसुद्धा करायला सांगून गेला.